‘दृश्य कण’ : औषधसंहितांतील एका पदाची चिकित्सा

शास्त्रीय आणि कायदेशीर लेखनात एखादे पद वर्षानुवर्षे बिनतक्रार वापरले जाते व त्याचा अर्थ सर्वांना ठाऊकच आहे असे मानले जाते. ते पद माणसाच्या हातून निघून यंत्राच्या स्वाधीन होऊ लागले, की मात्र त्यात दडलेली गृहीते एकेक करून उघडी पडतात. सुईवाटे शरीरात सोडावयाच्या औषधांसंबंधीच्या प्रमाणग्रंथांत येणारे ‘दृश्य कण’ हे पद आज अशा अवस्थेला पोहोचले आहे. या औषधांच्या कुप्या पूर्वी माणसे डोळ्यांनी तपासत; आता मोठ्या कारखान्यांत हे काम बव्हंशी कॅमेरे लावलेली स्वयंचलित यंत्रे करतात. पद मात्र जुनेच राहिले आहे.

औषधसंहिता म्हणजे व्यवहारात ज्यांना फार्माकोपिया म्हणतात ते ग्रंथ. अमेरिकन औषधसंहितेचे १ ऑगस्ट २०१४ पासून अंमलात आलेले ७९० क्रमांकाचे प्रकरण, तिचेच २०१७ मधील १७९० क्रमांकाचे मार्गदर्शक प्रकरण, युरोपीय औषधसंहितेचे २.९.२० हे प्रकरण, आणि युरोपीय संघाच्या उत्तम उत्पादन-पद्धतीच्या नियमावलीचे २०२२ मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेले पहिले परिशिष्ट, असे चार लेख प्रामुख्याने येथे विचारात घेतले आहेत. ते तंत्रज्ञांसाठी लिहिलेले आहेत, भाषाभ्यासकांसाठी नव्हेत, हे खरे. परंतु महाराष्ट्रातून वा गोव्यातून युरोप-अमेरिकेस जाणारी कुपीही याच शब्दांनी पारखली जाते, आणि तिच्यातील द्रव अखेर कोणाच्या तरी शिरेत जातो. पोटात घेतलेल्या औषधातील कचरा पचनमार्गात अडतो किंवा बाहेर टाकला जातो. शिरेत गेलेल्या काचेच्या कपच्याला तसा अडसर नाही. तेव्हा या लेखांतील विशेषणांची छाननी हा केवळ विद्वानांचा विरंगुळा समजता येणार नाही.

मूळ पद्धती अगदी साधी आहे. तपासनीस कुपी हातात घेतो, बुडबुडे होऊ न देता हलकेच फिरवतो, आणि प्रथम पांढऱ्या व मग काळ्या पार्श्वभूमीसमोर प्रत्येकी सुमारे पाच सेकंद धरून पाहतो. कुपीच्या जागी उजेड २००० ते ३७५० लक्स इतका असावा लागतो. काळ्या रबराचा कण पांढऱ्यासमोर उठून दिसतो, फिका तंतू काळ्यासमोर. एवढ्या दहा सेकंदांत निर्णय होतो.

निर्णयाची कसोटी सांगताना मात्र दोन संहिता दोन वेगळी क्रियाविशेषणे वापरतात. अमेरिकन संहिता म्हणते, औषध दृश्य कणांपासून ‘इसेन्शियली’ मुक्त असावे. युरोपीय संहिता म्हणते, ‘प्रॅक्टिकली’ मुक्त असावे. व्युत्पत्तीकडे पाहिले तर पहिला शब्द सत्त्वाशी, साराशी जोडलेला आहे, आणि दुसरा आचरणाशी. मराठीत शब्दशः उतरवावयाचे झाल्यास एक ‘तत्त्वतः’ होईल व दुसरा ‘व्यवहारतः’. मराठी वाचकाला हे दोन शब्द एकमेकांचे विरोधी वाटतात. तत्त्वतः मान्य असलेली गोष्ट व्यवहारतः मान्य नसते हा आपला नित्याचा अनुभव आहे. इंग्रजीत मात्र झिजून झिजून दोहोंचा अर्थ ‘जवळजवळ’ एवढाच उरला आहे. जपानी औषधसंहितेने तिसरी वाट धरली. तिने ‘सहज आढळून येणारे’ असे विशेषण कणांनाच लावले आणि मुक्ततेला कोणतीही सूट दिली नाही. भाषेच्या दृष्टीने ही रचना सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल; कारण सूट द्यावयाची ती पाहणाऱ्याच्या शक्तीला दिलेली आहे, औषधाच्या शुद्धतेला नव्हे.

‘जवळजवळ’ला आकडा दिल्यावाचून कारखान्याचे काम चालत नाही. ७९० क्रमांकाच्या प्रकरणात तो आकडा असा येतो : प्रत्येक कुपीची तपासणी होऊन दोषयुक्त कुप्या बाजूला काढल्यानंतर उरलेल्या बॅचमधून नमुना घ्यावा व तो ०.६५ टक्के या स्वीकार्य गुणवत्ता-पातळीच्या कोष्टकानुसार पारखावा. कोष्टक उघडून पाहावे. ३५,००१ ते १,५०,००० कुप्यांच्या बॅचमधून सामान्यतः ५०० कुप्या निवडल्या जातात, आणि त्यांत सातपर्यंत कुप्या कणयुक्त निघाल्या तरी बॅच उत्तीर्ण होते. तेच औषध बाजारात गेल्यावर त्याविषयी शंका आली, तर त्याच प्रकरणानुसार २० कुप्या तपासावयाच्या, आणि त्यांत एकही कण दिसता कामा नये. म्हणजे ‘इसेन्शियली’ या एकाच शब्दाचे कारखान्याच्या दाराआड एक मूल्य आणि दाराबाहेर दुसरे. संख्याशास्त्रज्ञ याचा मेळ घालून दाखवतील, आणि तो बसतोही : त्याच कोष्टकात २० च्या नमुन्याला शून्य हीच मर्यादा आहे. परंतु शब्द वाचणाऱ्या डॉक्टराला वा रुग्णाला हा मेळ माहीत नसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२१ मध्ये काढलेल्या मसुद्यात संहितेची कसोटी उतरली म्हणजे उत्पादन उत्तम झाले असे समजू नये असा जो इशारा आहे, त्याचे मूळ याच दुहेरीपणात शोधावे लागते.

‘शंभर टक्के तपासणी’ हा शब्दप्रयोगही असाच फसवा आहे. त्याचा अर्थ प्रत्येक कुपी पाहिली गेली एवढाच. प्रत्येक कण सापडला असा तो मुळीच नाही. जाहिरातीत मात्र तो दुसऱ्याच अर्थाने वाचला जातो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

आता मुख्य पदाकडे वळावे. ‘दृश्य’ हा शब्द दृश् धातूला कृत्य प्रत्यय लागून सिद्ध होतो. कृत्य प्रत्ययांचे अर्थ सांगताना पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात अर्हता आणि शक्यता असे दोन्ही अर्थ नोंदले आहेत. त्यामुळे ‘दृश्य’ म्हणजे पाहण्यास योग्य असा, आणि तसाच पाहता येईल असाही. इंग्रजी ‘व्हिजिबल’मधील प्रत्यय मुख्यतः शक्यतेचा आहे. शक्यता नेहमी कोणाची तरी असते. ‘उचलण्याजोगा दगड’ म्हटले की कोणाला उचलण्याजोगा, हा प्रश्न लगेच उपस्थित होतो. पैलवानाला की पाच वर्षांच्या मुलाला? ‘दृश्य कण’ म्हणताना तो प्रश्न उपस्थित होत नाही, कारण विशेषण कणाच्या अंगाला चिकटून बसते, आणि दृश्यता हा वजन किंवा रंग यांसारखा कणाचाच गुण असावा असा भास होतो.

मराठी बोलणाऱ्याला हा भास वस्तुतः कमी व्हावयास हवा. कारण मराठीने पाहण्याच्या व्यापारासाठी दोन क्रियापदे वेगळी ठेवली आहेत. ‘तपासनिसाने कुपी पाहिली’ येथे पाहणारा कर्ता आहे, क्रिया त्याच्या इच्छेची आहे, आणि तिची जबाबदारीही त्याची आहे. ‘तपासनिसाला कण दिसला’ येथे कण कर्त्याच्या जागी बसला, आणि तपासनीस चतुर्थीत गेला. तो आता अनुभव घेणारा उरला. पाहणे हातचे असते, दिसणे हातचे नसते. कुपी नीट पाहिली तरी कण दिसेलच असे नाही, आणि न दिसण्याचा दोष पाहणाऱ्याला दरवेळी देता येत नाही. इंग्रजी नियमांतील ‘व्हिज्युअल इन्स्पेक्शन’ आणि ‘व्हिजिबल पार्टिक्युलेट’ ही दोन पदे एकाच लॅटिन धातूतून आल्यामुळे हा भेद त्यांत पुसला गेला आहे.

तो भेद औषधशास्त्रात परत आणण्याचे श्रेय ज्युलियस नॅप यांना द्यावे लागते. नॅप व कुशनर यांनी १९८० मध्ये मांडलेला विचार असा : कण दृश्य आहे की अदृश्य, असे विचारू नये, तो किती वेळा दिसतो, हे विचारावे. तीच कुपी अनेक तपासनिसांनी अनेक वेळा तपासावी आणि शंभरातून किती वेळा ती नाकारली गेली हे मोजावे. ७० किंवा अधिक वेळा नाकारली गेलेली कुपी नकार-क्षेत्रात पडते, ३० च्या खाली नाकारली गेलेली स्वीकार-क्षेत्रात, आणि मधला पट्टा करडा. दृश्यता येथे गुणधर्म राहिली नाही. ती वारंवारता झाली. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर विशेषणात गडप झालेली चतुर्थी नॅपने बाहेर काढली. १७९० क्रमांकाचे प्रकरण या विचाराला अनुसरते, आणि म्हणूनच ते चारही लेखांत सरस उतरले आहे. स्वच्छ द्रवाच्या दहा मिलिलिटर कुपीतील एकच गोल कण ५० मायक्रोमीटरचा असेल तर दिसण्याची शक्यता शून्याच्या आसपास, १०० मायक्रोमीटरला सुमारे ४० टक्के, १५० च्या जवळपास ७० टक्के, आणि २०० च्या पुढे ९५ टक्क्यांहून अधिक, हे ते आडपडदा न ठेवता सांगते. प्रमाणग्रंथाने स्वतःच्या मुख्य शब्दाची मर्यादा अशी आकड्यांत कबूल करावी, हे क्वचितच घडते.

यंत्राचा प्रश्न येथून सुरू होतो. तपासणी-यंत्रात कुपी वेगाने गरगर फिरवून एकाएकी थांबवतात. काच थांबते, पण आतला द्रव भोवऱ्यासारखा फिरत राहतो. त्या क्षणी कॅमेरा पाठोपाठ अनेक छायाचित्रे घेतो व ती एकमेकांशी ताडून पाहिली जातात. जे सर्व चित्रांत एकाच जागी आहे ते काचेवरचे, म्हणजे ओरखडा किंवा डाग. ज्याची जागा बदलली ते द्रवातले. युक्ती सुरेख आहे यात शंका नाही.

परंतु ती संहितेतील व्याख्येशेजारी ठेवून पाहावी. युरोपीय संहितेतील २.९.२० या प्रकरणाचा आशय असा, की कण-दूषण म्हणजे द्रावणात अहेतुकपणे राहिलेले, बाहेरचे, चल, न विरघळलेले आणि वायूचे बुडबुडे नव्हेत असे कण. या पाच अटींपैकी यंत्राला थेट वाचता येते ती एकच : चल. ‘बाहेरचे’ ही उगमाची गोष्ट आहे आणि ‘अहेतुकपणे’ ही हेतूची. कॅमेऱ्याला यांपैकी काही कळत नाही, आणि खरे पाहता तपासनिसालाही कळत नाही. व्याख्येत त्या अटी आहेत त्या न्यायाधीशासाठी. उरला बुडबुडा. व्याख्येने त्याला एका अपवादात्मक वाक्यांशात बाहेर ठेवले. यंत्र बनवणाऱ्यांची पुष्कळशी शक्ती त्या वाक्यांशावर खर्च होते. बुडबुडाही चल असतो, चमकतो, आणि कणासारखाच छायेचा ठिपका पाडतो. माणूस क्षणभर थांबतो, बुडबुडा वर चढून नाहीसा होताना पाहतो आणि कुपी पुढे सरकवतो. यंत्राला तेवढी सवड नसते, म्हणून चांगल्या कुप्या नाकारल्या जातात. त्यांची संख्या वाढली की संवेदनशीलता कमी करण्याचा मोह उत्पन्न होतो, आणि बुडबुड्याबरोबर कणही सुटू लागतो. कायद्याच्या भाषेत अपवाद फुकट असतो. कामाच्या जागी त्याची किंमत मोजावी लागते.

‘चल’ या अटीचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. काचेचा किंवा धातूचा जड तुकडा तळाशी बसून राहतो. फिरवण्याचा वेग पुरेसा नसेल तर तो उठतच नाही. रबराचा हलका तुकडा द्रवाच्या पृष्ठभागाशी काचेला लागून दडतो. माणूस कुपी उलटी करतो आणि दोन्ही बाहेर काढतो. अर्थात काच, जी शरीरात जाऊ नये असे सर्वांना वाटते, तीच यंत्राच्या व्याख्येतून निसटण्याची शक्यता असते. असा कण दृश्य आहे, चलही आहे. फक्त त्या क्षणी चाललेला नाही. व्याख्येतील ‘चल’ हा शब्द क्षमता सांगतो, यंत्र प्रत्यक्ष क्रिया शोधते. व्याकरणाचा विद्यार्थी हा घोटाळा पहिल्याच वर्षी शिकतो.

तरीही युरोपीय नियमावलीचे पहिले परिशिष्ट यंत्राची कसोटी सांगताना ते माणसाच्या तपासणीशी ‘समान किंवा तिच्याहून सरस’ असावे एवढ्यावर भागवते. वाक्य भारदस्त आहे. परंतु समानता कशाकशातली? प्रचलित पद्धतीत नॅपच्या नकार-क्षेत्रातील कुप्यांवर माणसांनी मिळवलेले एकूण यश व यंत्राने मिळवलेले एकूण यश ताडून पाहतात. यंत्राची बेरीज कमी नसली म्हणजे झाले. तंतू ओळखण्यात यंत्र माणसाच्या पुढे आणि काच ओळखण्यात मागे असेल, तरीही बेरीज जुळू शकते. बेरजेतील समानता ही वस्तूंतील समानता नव्हे. रुग्णाच्या शिरेत बेरीज जात नाही. एक विशिष्ट कुपी जाते. कण-प्रकारानुसार वेगळा हिशेब ठेवणारे काळजीवाहू कारखाने आहेत, पण परिशिष्टाच्या शब्दांनी त्यांना तसे करण्यास भाग पाडलेले नाही. याच परिशिष्टाने तपासनिसाची पात्रता-परीक्षा निदान वर्षातून एकदा, नेहमीचा चष्मा असल्यास तो लावून, घ्यावी आणि त्याला वरचेवर विश्रांती द्यावी असे म्हटले आहे. माणसाच्या डोळ्याविषयी जी सूक्ष्म काळजी या वाक्यांत दिसते, ती यंत्राविषयीच्या वाक्यात आढळत नाही.

यंत्र पाहते तेव्हा चतुर्थीत कोण असते? मराठी माणूस सहजगत्या म्हणतो, ‘कॅमेऱ्यात दिसले’. ‘कॅमेऱ्याला दिसले’ असे तो क्वचितच म्हणतो. भाषेने कॅमेऱ्याला अधिकरण केले आहे, अनुभव घेणारा नव्हे. ‘कॅमेऱ्यात’ म्हटल्यावरही ‘कोणाला’ ही जागा रिकामीच राहते. कारखान्यात ती जागा कोण भरतो? प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी कोणीच नाही. छायेचा ठिपका किती मोठा, किती गडद, किती सरकलेला असला म्हणजे त्याला कण म्हणावे, याचा उंबरठा यंत्र बसवताना कोणीतरी ठरवून गेलेला असतो. दिसले ते त्याला, तेव्हा; आज फिरणारी कुपी त्याने पाहिलेलीही नसते. अलीकडे जी शिकणारी यंत्रे आली आहेत त्यांत उंबरठा एका आकड्यात नसतो. हजारो छायाचित्रांवर माणसांनी ‘कण’, ‘बुडबुडा’, ‘ओरखडा’ अशी नावे लिहून ती यंत्राला शिकवलेली असतात. म्हणजे नॅपने दाखवलेला मानवी डोळ्याचा सारा डळमळीतपणा नावांच्या रूपाने यंत्रात उतरतो. फरक एवढाच, की तो आता डळमळीत दिसत नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये जपानात घडलेल्या प्रसंगाने या सर्व प्रश्नांना तोंड फोडले. स्पेनमधील रोवी कंपनीच्या कारखान्यात भरलेल्या मॉडर्नाच्या करोना-लसीच्या काही कुप्यांत बाहेरचे कण असल्याचे लसीकरण केंद्रांवरील लोकांच्या नजरेस आले, आणि तीन बॅचच्या सुमारे १६ लाख ३० हजार मात्रांचा वापर थांबवण्यात आला. मॉडर्ना व तिची जपानी सहयोगी ताकेदा यांनी सप्टेंबरमध्ये जाहीर केले, की कण पोलादाचे होते आणि बूच बसवणाऱ्या भागात दोन धातूंचे तुकडे चुकीच्या जुळणीमुळे एकमेकांवर घासल्याने ते उत्पन्न झाले असावेत. रुग्णांना त्यापासून अवाजवी धोका नाही, असेही त्यांनी म्हटले. ही लस मुळात पांढरट व अपारदर्शक असते. स्वच्छ द्रवाच्या कुपीवर मोजलेले १५० मायक्रोमीटरचे आकडे अशा द्रवाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथे ‘दृश्य’ या शब्दाचा अर्थ कणाबरोबर बदलला नाही; तो सभोवतालच्या द्रवाबरोबर बदलला. कारखान्यातून सुटलेले अखेर माणसाला दिसले, तेही सुई भरण्याच्या बेतात असलेल्या माणसाला, ज्याच्यासाठी २००० लक्सचा दिवा कोणी लावलेला नव्हता. यावरून यंत्र कुचकामाचे ठरत नाही. इतक्या कुप्या दररोज डोळ्यांनी तपासणे माणसाला शक्य नाही, आणि थकलेल्या डोळ्यापेक्षा न थकणारा कॅमेरा बहुतेक वेळी बरा. आक्षेप आहे तो यंत्राला ज्या शब्दांनी अधिकार दिला गेला त्या शब्दांवर.

मराठी परिभाषेचा प्रश्न ओघाने येतोच. १७९० क्रमांकाच्या प्रकरणाने कणांचे उगमानुसार तीन वर्ग केले आहेत : औषधाच्या स्वभावातूनच होणारे, जसे प्रथिनांचे पुंजके, भरण्याच्या प्रक्रियेतून वा वेष्टनातून येणारे, जसे काच, रबर, पोलाद, आणि सर्वस्वी बाहेरून आलेले, जसे केस किंवा कपड्याचा तंतू. पहिल्या दोहोंना इंग्रजीत ‘इन्हेरंट’ व ‘इन्ट्रिन्सिक’ म्हणतात, आणि कोशांच्या आधारे मराठी करू गेल्यास दोहोंना ‘अंगभूत’ हाच शब्द मिळतो. ज्या भेदावर बॅच टाकावयाची की ठेवावयाची हे ठरते, तो भाषांतरात नाहीसा होतो. स्वभावज, प्रक्रियाज आणि आगंतुक असे शब्द योजले तर तो टिकेल. त्यांतील शेवटचा आयुर्वेदाने रोगांच्या वर्गीकरणात पूर्वीच रुळवलेला आहे. ‘व्हिजिबल पार्टिक्युलेट’साठी ‘दृश्य कण’ ऐवजी ‘दिसू शकणारे कण’ म्हणणे थोडे सैल वाटेल. परंतु त्यात ‘कोणाला’ हे विचारण्याची सोय राहते. तपासणीच्या नोंदवहीतही ‘पाहिले’ व ‘दिसले’ असे दोन रकाने वेगळे असावेत. पहिल्यात किती कुप्या, किती उजेडात, किती सेकंद पाहिल्या, याची नोंद करून पाहणाऱ्याने सही करावी. दुसऱ्यात काय दिसले किंवा दिसले नाही ते लिहावे, आणि तपासणी यंत्राने केली असल्यास त्या दिवशी उंबरठा कोणता होता व तो कोणी ठरवला, त्या व्यक्तीचे नाव लिहावे.